कारागृहातील परिवर्तन आणि नेतृत्वाचा प्रश्न

(गारखेडा, छत्रपती संभाजीनगर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



गारखेड्याहून शहर ओलांडून उत्तरेस गेले की हर्सूलचे मध्यवर्ती कारागृह लागते. दक्षिणेस पन्नासएक किलोमीटरवर, जायकवाडीच्या परिसरात, पैठणचे खुले कारागृह आहे. खाते एक, कायदा एक. परंतु एका ठिकाणी उंच भिंत आणि दुसऱ्या ठिकाणी शेत. शेतावर काम करणारा कैदी काही निराळ्या मातीचा नसतो. भिंतीआड काही वर्षे काढून, वर्तणूक पाहूनच त्याला तेथे पाठविलेले असते. भिंतीवाचून माणूस राहतो आणि पळून जात नाही, हे शासनाला अनेक दशके ठाऊक आहे. तरीही बंदिस्त कारागृह हाच नियम आणि खुले कारागृह हा अपवाद का राहिला?

या प्रश्नाचे एक ठराविक उत्तर असे की, चांगला अधिकारी मिळाला तर कारागृह सुधारते. किरण बेदी 1993 ते 1995 या काळात तिहारमध्ये होत्या. त्यांचे नाव या संदर्भात नेहमी घेतले जाते, आणि ते गैर नाही. बराकीबराकीतून तक्रारपेटी फिरवणे ही लहान गोष्ट नव्हती. परंतु अधिकारी बदलून जातो, पेटी तेथेच राहते. तिची किल्ली पुढे कोणाकडे असते, हा खरा प्रश्न आहे.

अमेरिकन अभ्यासक जेम्स मॅकग्रेगर बर्न्स यांनी 1978 साली नेतृत्वाचे दोन प्रकार सांगितले. पहिला देवघेवीचा, दुसरा परिवर्तनाचा. देवघेवीचा प्रकार आपल्या कारागृहांत फार जुना आहे: नीट वागा, शिक्षेत सूट मिळवा. त्याने शिस्त राहते, माणूस तोच राहतो. परिवर्तनाच्या नेतृत्वात पुढारी आणि अनुयायी दोघेही बदलतात, असे बर्न्स म्हणतात. म्हणजे कैदी बदलला पाहिजे, त्याच्यावर पहारा करणारा शिपाई बदलला पाहिजे आणि अधीक्षकही! व्यवस्थापनशास्त्राचे वर्ग हे शेवटचे कलम बहुधा गाळतात.

महाराष्ट्राला याचे उदाहरण बाहेरून आणावे लागत नाही. आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर हे औंध संस्थानात उभे राहिले. राजे भवानराव पंतप्रतिनिधी, त्यांचे पुत्र अप्पासाहेब आणि गांधीजींच्या सहवासातील पोलिश अभियंते मॉरिस फ्रिडमन यांच्या विचारांतून ती वसाहत निघाली. कैद्यांनी कुटुंबासह राहावे, जमीन कसावी, स्वतःच्या श्रमावर जगावे, अशी ती कल्पना. पुढे 1957 साली व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ काढला; त्याच्या कथेस हाच प्रयोग प्रेरक होता आणि ती ग. दि. माडगूळकरांनी लिहिली. चित्रपटाने प्रयोगाचे नाव देशभर नेले, पण एक गैरसमजही पसरविला. तेथे सर्व काही एका जेलरच्या डोळ्यांतील धाकाने आणि मायेने घडते. चित्रपटाला एक नायक पुरतो. इतिहासाला पुरत नाही.

औंधमध्ये प्रत्यक्षात काय चालले होते? 1939 साली त्या राजाने आपली सत्ता ग्रामपंचायतींच्या पायावर उभ्या केलेल्या स्वराज्य-घटनेच्या स्वाधीन केली. ज्या राज्यात शेतकऱ्याच्या हाती कारभार देण्याचे धाडस होते, त्याच राज्यात कैद्याच्या हाती कुदळ देऊन पहारा काढून घेण्याचेही धाडस झाले. हा योगायोग मानणे कठीण आहे. बाहेर माणसावर विश्वास टाकणारी राजवट असते तेव्हाच आत तो टाकता येतो. 1948 साली संस्थान विलीन झाले, राजा राहिला नाही; वसाहत मात्र शासनाच्या कारागृह खात्यात नोंदली जाऊन टिकली. टिकली, वाढली नाही. शासनाने ती जपली ती दाखविण्याच्या वस्तूसारखी.

समाजवादी चळवळीशी नाते असलेले आणखी एक नाव या संदर्भात घेतले पाहिजे. काँग्रेस समाजवादी पक्षाच्या उभारणीत असलेले संपूर्णानंद यांनी उत्तर प्रदेशात कैद्यांच्या खुल्या श्रमशिबिरांना चालना दिली. पुढे ते राजस्थानचे राज्यपाल असताना 1963 मध्ये सांगानेरचे खुले शिबिर सुरू झाले. तेथे कैदी कुटुंबासह राहतात, दिवसा बाहेर कामाला जातात आणि संध्याकाळी हजेरीस परततात. या शिबिराच्या जागेवर रुग्णालय बांधण्याचा घाट घातला गेला, तेव्हा 2024 साली सर्वोच्च न्यायालयाला खुल्या कारागृहांचे क्षेत्र कमी करू नका, असे बजावावे लागले. साठ वर्षे चाललेला प्रयोगही शासनाच्या एका टिपणीने आक्रसू शकतो!

आता शिपायाचे पाहू. त्याच्याविषयी सुधारकही फारसे बोलत नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालानुसार देशातील कारागृहांत क्षमतेच्या 131 टक्के कैदी होते, आणि कर्मचाऱ्यांच्या मंजूर पदांपैकी सुमारे तीस टक्के पदे रिकामी होती. ज्या बराकीत शंभरांच्या जागी एकशेतीस माणसे आहेत आणि दहा शिपायांच्या जागी सात, तेथे शिपायाला समुपदेशक होण्याचे प्रशिक्षण देणे ही थट्टा होय. तो कुलूप लावील, मोजणी करील आणि दंडुक्याचा आधार घेईल. त्याच्या कामाचे तास, निवासस्थान, रजा हे कामगार-प्रश्न आहेत. ते सुटल्यावाचून परिपत्रकाने परिवर्तन होणार नाही. कैदी आणि शिपाई दोघेही बहुधा एकाच आर्थिक थरातून आलेले असतात, एवढेही वरिष्ठांच्या ध्यानी राहत नाही.

शिवाय कारागृहातील कित्येक बदल वरून आलेलेच नाहीत. 1980 च्या सुनील बत्रा खटल्याचे मूळ एका कैद्याने दुसऱ्या कैद्याच्या छळाविषयी लिहिलेल्या पत्रात आहे. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी मध्यवर्ती कारागृहातील पंधरा स्त्री-कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. पाच जणींनी पोलीस कोठडीतील मारहाणीची हकीकत सांगितली. त्यांच्या पत्रावरून 1983 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांच्या कोठडीविषयी आदेश दिले. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर 3 ऑक्टोबर 2024 रोजी त्याच न्यायालयाने कारागृहातील जातवार कामवाटप आणि नोंदवहीतील जातीचा रकाना घटनाबाह्य ठरविला. सफाईचे काम विशिष्ट जातीकडे आणि स्वयंपाक दुसरीकडे, ही रीत नियमपुस्तिकांत छापलेली होती. 1871 चा गुन्हेगार जमातींचा कायदा 1952 मध्ये रद्द झाला, तरी पारधी वस्तीवरचा संशय मराठवाड्यात आजही उठलेला नाही. संशयितांच्या त्या यादीतूनच बराकी भरतात.

आणि बराकीत आहे कोण? त्याच 2022 च्या अहवालाप्रमाणे चारांपैकी तीन कैदी कच्चे होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अद्याप शाबीत झालेला नाही असे. त्यांच्यापुढे सुधारणेचे प्रवचन कशाला? 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 प्रमाणे, प्रथमच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला असेल, तर काही अपवाद वगळता त्याला बंधपत्रावर सोडावयाचे आहे. जन्मठेपेचे वा फाशीचे गुन्हे यात येत नाहीत. त्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करण्याचे कर्तव्य कायद्याने खुद्द कारागृह अधीक्षकावर टाकले आहे. अधीक्षकाचे नेतृत्व या कामात दिसू द्या.

कार्यकर्त्यांकडे दुसरी बाजू येते. जामीन मंजूर होऊनही जामीनदार न मिळाल्यामुळे आत राहिलेली माणसे असतात. ती ऊसतोडीला गेलेल्या, घर पडीक राहिलेल्या कुटुंबातली असू शकतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अशांची यादी मागावी, तालुक्यातालुक्यांत त्यांची घरे शोधावीत, सातबारा असलेला माणूस उभा करावा. हर्सूलपासून या कामास आरंभ करता येईल.