मधुमेही मूत्रपिंडविकार आणि पेशींचा मृत्यू
(स्वागताध्यक्षीय भाषण, मौदा)

माणसाच्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख नेफ्रॉन असतात. प्रत्येक नेफ्रॉनच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा गुच्छ असतो आणि त्याला बाहेरून कवटाळून पोडोसाइट पेशी बसलेल्या असतात. रक्तातली प्रथिने लघवीत उतरू नयेत, ही राखण मुख्यतः त्यांच्याकडे. प्रौढ वयात या पेशी जवळजवळ विभागतच नाहीत. गेलेल्या पेशीची जागा सहसा भरून निघत नाही, आणि मधुमेही मूत्रपिंडविकाराचे गांभीर्य इथेच आहे.

साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की पेशीच्या मायटोकाँड्रियात ऑक्सिजनची घातक रूपे साचतात. गुच्छातला वाढलेला दाब आणि अँजिओटेन्सिन हे संप्रेरक त्यात भर घालतात. पेशी मग अ‍ॅपॉप्टॉसिसच्या वाटेला लागते. हे नाव 1972 साली केर, वायली आणि करी यांनी दिले. यात पेशी आक्रसते, तिचे तुकडे होतात आणि शेजारच्या पेशी ते गाजावाजा न करता गिळतात. पायरॉप्टॉसिसमध्ये मात्र पेशीच्या आवरणाला भोके पडून आतला ऐवज बाहेर सांडतो आणि दाह भडकतो. लोहामुळे आवरणातल्या स्निग्धांशाचा नाश होऊन येणारे मरण म्हणजे फेरॉप्टॉसिस. त्याचे नामकरण 2012 चे.

यातला बराच पुरावा उंदरांवरच्या प्रयोगांतून आलेला आहे, हे विसरून चालणार नाही. माणसाच्या बायॉप्सीत मरणारी पोडोसाइट क्वचितच दिसते. उलट मधुमेह्यांच्या लघवीत निसटलेल्या, काही तर जिवंत पोडोसाइट सापडतात. म्हणून मृत्यूइतकेच निसटणेही मोजले पाहिजे. नेफ्रॉनमधल्या नलिकांच्या पेशी मात्र पुन्हा वाढू शकतात. पण इजा वारंवार झाली की तिथे तंतू साचतात आणि मूत्रपिंडाचे काम घटत जाते.

या विषयावरच्या चर्चेसाठी कन्हानकाठच्या मौद्यात आलेल्या डॉक्टर, परिचारिका, संशोधक आणि आशाताईंचे स्वागत समितीच्या वतीने मनःपूर्वक स्वागत. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार देशात सुमारे 10.1 कोटी मधुमेही आहेत. मधुमेह आता शहरापुरता उरलेला नाही, म्हणून ही चर्चा भातशेतीच्या तालुक्यात होणे योग्यच. निदानाचे म्हणाल, तर रक्तातले क्रिएटिनिन वाढेपर्यंत बरेच नेफ्रॉन गमावलेले असतात. लघवीतले अल्ब्युमिन एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे 30 मिलिग्रॅमच्या वर गेले, तर इशारा पुष्कळ आधी मिळतो. त्यासाठी लघवीचा एक नमुना पुरतो. निदान पक्के करायला तपासणी पुन्हा करावी लागते.

औषधांच्या बाबतीत 2001 साली लोसार्टनने आणि 2019 साली कॅनाग्लिफ्लोझिनने हा विकार लांबवता येतो हे दाखवले. दोन्ही औषधे गुच्छातला दाब उतरवतात, म्हणजे पेशींवरचा ताण हलका करतात. पेशीला मरणाकडे ढकलणारा एएसके-1 हा संकेतच रोखणारे सेलोनसर्टिबही रुग्णांवर तपासले गेले. पण दुसऱ्या टप्प्याच्या एका चाचणीत मुख्य उद्दिष्ट साधले नाही. पेशीमृत्यू थेट थोपवणारे औषध या विकारासाठी अजून प्रचारात आलेले नाही.