रणांगण झालेली शेते
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्यांपैकी बहुतेक कुटुंबांची मुळे कोठल्या ना कोठल्या खेड्यातील जमिनीत आहेत. म्हणून ‘जमिनीचा इतिहास कोणाचा?’ हा प्रश्न आज आपणांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे. उदाहरण मात्र दूरचे, अमेरिकेतील घेतो. कारण परक्या घरची हकीगत मनुष्य अधिक निर्विकार मनाने ऐकतो.

वॉशिंग्टन राजधानीपासून सुमारे चाळीस किलोमीटरांवर, व्हर्जिनिया राज्यात मनॅसस नावाचे ठिकाण आहे. १८६१ पूर्वी तेथे काय होते? शेते, कुरणे, बुल रन नावाचा ओढा आणि दोन लोहमार्गांचा सांधा. हा सांधाच त्या मुलखास भोवला. यादवी युद्ध पेटताच त्याच्या ताब्यासाठी २१ जुलै १८६१ रोजी उत्तरेची व दक्षिणेची सैन्ये तेथे भिडली. पुढच्याच वर्षी, २८ ते ३० ऑगस्ट १८६२ या तीन दिवसांत, त्याच भूमीवर दुसरी लढाई झाली. दोन्हींत दक्षिणेचा जय झाला, इतके पाठ्यपुस्तक सांगते.

परंतु त्या शेतांत माणसे राहत होती. ज्युडिथ हेन्री ही ऐंशी वर्षांपलीकडची, अंथरुणास खिळलेली विधवा पहिल्या लढाईत आपल्याच घरात तोफेच्या माऱ्याने मृत्यू पावली. तिच्या घराजवळच जेम्स रॉबिन्सन या स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकऱ्याची जमीन होती. ज्या राज्यात त्याचे असंख्य बांधव गुलामगिरीत खितपत होते, तेथे त्याने ती स्वकष्टाने मिळविली होती. पहिल्या लढाईतून त्याचे घर वाचले. दुसरीच्या वेळी मात्र सैनिकांनी त्याचे धान्य व चीजवस्तू नेली. पुढे त्याने सरकारकडे भरपाई मागितली. ती मिळाली, पण मागितली तेवढी नाही.

१८६५ साली सैनिकांनी हेन्री टेकडीवर दगडी स्मारक उभारले, ते पडलेल्या सैनिकांचे. १९४० साली हा प्रदेश राष्ट्रीय रणभूमी म्हणून घोषित झाला. तथापि घोषणेने भूमी सुरक्षित होत नाही. १९८८ साली लगतच्या जागेवर मोठी बाजारपेठ उभी राहणार होती. लोकांनी ओरड केली, तेव्हा त्यांच्या संसदेने कायदा करून ती जमीन ताब्यात घेतली. त्यापायी दहा कोटी डॉलरांहून अधिक द्रव्य वेचावे लागले. इतके करूनही सारे वाचले नाही. रॉबिन्सन कुटुंबाचे घर १९९३ साली आगीत गेले. आज तेथे पाया तेवढा उरला आहे. हेन्रीबाईची कबर मात्र टेकडीवर आहे.

बंधुभगिनींनो, आमचे म्हणणे इतकेच की सेनापतींची नावे राखण्यास राज्ये समर्थ असतात. नांगरधाऱ्याचे नाव त्याच्या घरच्यांनीच राखावे लागते. रॉबिन्सनचे नुकसान आज आपणांस कळते, त्याचे एक कारण त्याने ते अर्जात नोंदवून ठेविले हे आहे. आपल्या घरी जुनी खरेदीखते, सातबाऱ्याचे उतारे, पत्रे असतील. धरणाखाली वा रस्त्याखाली गेलेल्या शेताची आठवण सांगणारे वृद्ध असतील. ते असेतोवर त्यांच्यापाशी बसावे आणि वहीत उतरून घ्यावे. स्मारकास द्रव्य लागते. या कामास शाई पुरते.