न्यायाधीश जॉन सिरिका
(सुवर्णमहोत्सवाच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



उत्सवाच्या चालकांनीं मला 'न्याय' या विषयावर बोलावयास सांगितलें. नुसत्या तत्त्वावर बोलण्याइतकी माझी विद्वत्ता नाहीं; म्हणून एका न्यायाधीशाची हकीकत सांगतों. हे गृहस्थ अमेरिकेचे, आणि आपल्यासारखेच कॅथॉलिक; परंतु मीं त्यांची निवड केली ती त्या कारणास्तव नव्हे.

जॉन सिरिका यांचा जन्म ता. १९ मार्च १९०४ रोजीं कनेटिकट संस्थानांतील वॉटरबरी गांवीं झाला. बाप इटलींतून आलेला, धंद्यानें न्हावी. त्याची प्रकृति अधू व नशीब त्याहून अधू. त्यामुळें बिऱ्हाड या गांवाहून त्या गांवीं फिरत राहिलें. जॉननें कायद्याचा अभ्यास दोन वेळां अर्ध्यावर टाकला. तिसऱ्या खेपेस मात्र येशूसंघीयांच्या जॉर्जटाउन विद्यापीठांतून १९२६ सालीं पदवी मिळविली. मुष्टियुद्ध शिकवून तो फीचे पैसे जमवी. वकिलींत पुढें कित्येक वर्षें ओढाताणींत गेलीं.

तेथील मध्यवर्ती सरकारच्या न्यायालयांच्या तीन पायऱ्या आहेत. सर्वांत खालची जिल्हा न्यायालयाची. साक्षीदार शपथ घेऊन उभा राहतो तो येथेंच. न्यायाधीशाला राष्ट्राध्यक्षानें नेमावयाचें व सेनेटनें मान्यता द्यावयाची. पण एकदां नेमल्यावर वर्तन शुद्ध असेपर्यंत त्याला काढतां येत नाहीं, कीं त्याचा पगारहि कमी करतां येत नाहीं. तरतूद वाचावयास कोरडी आहे. तिचें मोल पुढें कळेल.

राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनीं १९५७ सालीं सिरिका यांस वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयावर नेमलें. सिरिका रिपब्लिकन पक्षाचे. आयझेनहॉवर व त्यांचे जोडीदार निक्सन यांच्यासाठीं त्यांनीं प्रचारहि केला होता. न्यायाधीश म्हणून कीर्ति बेताचीच. शिक्षा जबर, म्हणून वकिलांनीं 'मॅक्सिमम जॉन' असें टोपणनांव ठेवलेलें. आणि निकाल अपिलांत वरचेवर फिरत.

ता. १७ जून १९७२ रोजीं पहाटे वॉटरगेट इमारतींतील डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरींत पांच इसम पकडले गेले. खटला सात जणांवर झाला. मुख्य न्यायाधीश या नात्यानें सिरिका यांनीं तो स्वतःकडे घेतला. जानेवारी १९७३ मध्यें पांचांनीं गुन्हा कबूल केला व उरलेल्या दोघांस ज्यूरीनें दोषी ठरविलें. पण या कामास पैसा पुरविला कोणीं, हें कोणी सांगेना. पैसे कोऱ्या पाकिटांतून टपालानें आले, असें एका आरोपीनें म्हणतांच, आपला यावर विश्वास बसत नाहीं, असें सिरिका यांनीं भर न्यायालयांत सांगितलें. अखेर मॅकॉर्ड नांवाच्या आरोपीनें त्यांना पत्र लिहिलें. ता. २३ मार्च रोजीं सिरिका यांनीं तें उघड वाचलें. आरोपींवर मौन राखण्याचें दडपण आलें होतें, शपथेवर खोटें बोललें गेलें होतें, आणि यांत आणखीहि मंडळी गुंतलेली होती, असा त्याचा मजकूर होता.

त्याच दिवशीं कबुली दिलेल्या पांचांस त्यांनीं तात्पुरत्या म्हणून पस्तीस ते चाळीस वर्षांपर्यंतच्या शिक्षा सुनावल्या. चौकशींत साह्य केल्यास विचार होईल, असेंहि सांगितलें. येथें माझें मन अडखळतें. शिक्षा अपराधाच्या मापाची असावी. ती तोंड उघडविण्याचें हत्यार व्हावी काय? पुढें नोव्हेंबरांत त्यांनीं त्या पुष्कळ उतरविल्या. पस्तीस वर्षांच्या हंट यांस अडीच ते आठ वर्षें उरलीं. तरीहि त्या मार्गाचें समर्थन करण्यास माझी जीभ वळत नाहीं. थोरांची हकीकत सांगतांना त्यांच्या उण्या बाजूवर पांघरूण घालणें मला बरें वाटत नाहीं.

जुलै १९७३ मध्यें उघडकीस आलें कीं, राष्ट्राध्यक्ष निक्सन आपल्या दालनांतील संभाषणें ध्वनिफितींवर नोंदवीत असत. विशेष सरकारी वकील कॉक्स यांनीं त्यांतील कांहीं मागितल्या. निक्सन यांनीं नकार दिला. ता. २९ ऑगस्ट रोजीं सिरिका यांनीं हुकूम केला कीं फिती आपल्यापुढें तपासणीसाठीं आणाव्या. विचार करा: हुकूम मोडला असता तर त्याची बजावणी करावयास न्यायालयाचे मार्शल होते, आणि ते निक्सन यांच्याच न्यायखात्याचे नोकर! वरच्या न्यायालयानें हुकूम उचलून धरला. ता. २० ऑक्टोबर रोजीं कॉक्स यांना काढून टाकण्यांत आलें. देशांत एकच गहजब उडाला. तीन दिवसांनीं निक्सन यांचे वकील सिरिका यांच्यासमोर उभे राहिले व म्हणाले कीं राष्ट्राध्यक्ष हुकूम पाळतील.

आणखी फितींचा वाद सर्वोच्च न्यायालयांत गेला. ता. २४ जुलै १९७४ रोजीं आठ न्यायाधीशांनीं एकमतानें सिरिका यांचा हुकूम कायम केला, ता. ९ ऑगस्ट रोजीं निक्सन पदावरून उतरले. यानंतरचा मोठा खटलाहि सिरिका यांच्याच पुढें चालला. ता. १ जानेवारी १९७५ रोजीं ज्यूरीनें ज्यांस दोषी ठरविलें, त्यांत पूर्वीचे ॲटर्नी जनरल मिचेल हे होते. म्हणजे एके काळीं साऱ्या न्यायखात्याचे मुख्य.

सिरिका १९८६ सालीं न्यायासनावरून निवृत्त झाले, आणि ता. १४ ऑगस्ट १९९२ रोजीं, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीं, वॉशिंग्टन येथें वारले.