फटफटीचा आवाज



आम्हां सोलापूरकरांना आवाजाचें वावडें नाहीं. मागांच्या खडखडाटांतच आमच्या पिढ्या वाढल्या. परंतु तो आवाज पोटासाठीं होता. फटफटीला नवा ‘स्लिप-ऑन’ सायलेन्सर चढवून काढलेला आवाज कशासाठीं?

शेजारचा एक तरुण तो बसवीत असतां मी जवळच उभा होतों. एंजिनाकडून येणारी नळी तशीच राहते. मागील नळकांडें सोडवावयाचें, नवें सरकवावयाचें, पट्टा आवळावयाचा आणि सांध्यांतून धूर झिरपत नाहीं ना, हें पाहावयाचें. काम अर्ध्या तासाचें!

मूळ नळकांड्यांत पडदे व कप्पे असतात. एंजिनांतून सुटणारे वायूचे धक्के त्यांवर आदळून शमतात. नव्यांत हा अडसर बहुधा कमी. म्हणून गर्जना वाढते. शक्तींत पडणारी भर मात्र बहुधा नगण्यच.

१७५ सी. सी. वरील नव्या फटफटीस २००५ सालीं ८० डेसिबलांची मर्यादा घातली गेली. ध्वनीचे नियम मोडणारास २०१९ च्या दुरुस्तीनें १०,००० रुपयांपर्यंत दंड ठरला. पण दंडाहून मोठी गोष्ट निराळीच आहे.

त्या रात्रीं माझी पत्नी तापानें तळमळत होती. तिचा नुकताच डोळा लागला, तोंच गल्लींत गर्जना झाली आणि ती दचकून उठली. दुसऱ्या दिवशीं मीं त्या मुलास बोलावून हें सांगितलें, रागावलों नाहीं. तो कांहींच बोलला नाहीं. सायंकाळीं मात्र अंगणांतून हांक आली, “गुरुजी, जरा बॅटरी धरतां कां?”

तो जुनें नळकांडें पुन्हां चढवीत होता. मीं बॅटरी धरली.