गौरवाची पात्रता : जन्म की कर्तृत्व?

(अलिबाग येथे शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय अधिकारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेवरून आपण सर्वजण अनेकदा गेला असाल. आजच्या विषयाचा आरंभ तेथूनच करणे उचित ठरेल. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या सुरू करण्याचे ठरले, तेव्हा त्या विद्युत्प्रवाहामुळे कुलाबा येथील वेधशाळेच्या सूक्ष्म उपकरणांच्या नोंदी बिघडणार हे स्पष्ट झाले. नव्या जागेचा शोध घेण्यात आला, अलिबागची निवड झाली आणि १९०४ मध्ये येथे काम सुरू झाले. इमारतीच्या बांधकामात चुंबकीय गुणधर्म असलेली कोणतीही वस्तू येऊ नये याची कटाक्षाने काळजी घेण्यात आली. पुढे सुमारे दोन वर्षे कुलाबा व अलिबाग अशा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन त्यांची सांगड घालण्यात आली. म्हणूनच १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावू लागली तरी वेधांची परंपरा खंडित झाली नाही.

हे सारे कार्य ज्यांच्या देखरेखीखाली पार पडले, ते डॉ. नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस. पुण्यात व पुढे एडिंबरोत शिकलेले हे शास्त्रज्ञ १८९६ मध्ये कुलाबा वेधशाळेचे संचालक झाले आणि त्या पदावर येणारे ते पहिले भारतीय ठरले. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या चुंबकीय नोंदींचे त्यांनी केलेले संकलन १९१० मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या अभ्यासकांनी त्याचा आधार घेतला.

त्या काळी अशी नेमणूक ही नित्याची गोष्ट नव्हती. जगदीशचंद्र बोस १८८५ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले, तेव्हा काम तेच असूनही त्यांना युरोपीय प्राध्यापकांपेक्षा कमी वेतन देऊ करण्यात आले. त्यांनी तीन वर्षे वेतन स्वीकारलेच नाही. शिकवण्याचे काम मात्र एक दिवसही सोडले नाही. अखेर सरकारला पूर्ण वेतन मागील थकबाकीसह द्यावे लागले. वंश पाहून माणसाची किंमत ठरवणाऱ्या व्यवस्थेला गुणवत्तेचे भान यावे म्हणून बोसांना तीन वर्षांचा पगार पणाला लावावा लागला.

पुरस्कार देताना वंश वा जात पाहावी, की केवळ गुणवत्ता पाहावी, हा प्रश्न आजही प्रत्येक पुरस्काराच्या यादीबरोबर उपस्थित होतो. यादी जाहीर झाली की अमुक समाजाचे किती, अमुक तालुक्याचे किती, अशी मोजणी आपल्या कचेऱ्यांतून व शाळांच्या वऱ्हांड्यांतून सुरू होते. ही मोजणी करणारे सारेच क्षुद्र वृत्तीचे असतात असे मानणे अन्यायाचे ठरेल. त्यांच्या संशयामागे दीर्घ अनुभव आहे, आणि महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर त्या अनुभवाचे बाळू पालवणकरांइतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

बाळू पालवणकर हे चर्मकार समाजातील होते. त्यांचा जन्म १८७६ चा. पुण्यात युरोपियनांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखणे, जाळी बांधणे अशी कामे ते अल्प वेतनावर करीत. साहेब मंडळींना सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्यांची डावखुरी फिरकी घडत गेली. फलंदाजीची संधी मात्र तेथे त्यांना कोणी दिली नाही. या गोलंदाजाची कीर्ती झाल्यावर पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना आपल्याकडे घेतले. मैदानावर त्यांचा हात लागलेला चेंडू सर्वांना चालत असे. चहापानाची वेळ झाली की इतर खेळाडू आत बसून चिनी मातीच्या कपातून चहा घेत आणि बाळूंना तो बाहेर, फेकून देता येईल अशा मातीच्या भांड्यातून मिळे. ज्या जिल्ह्यात महाडचे चवदार तळे आहे, त्या जिल्ह्यातील श्रोत्यांना या भांड्याचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नाही.

त्यांचा गौरव झालाच नाही असे नव्हे. रानडे, टिळक यांच्यासारख्या पुरुषांनी त्यांची जाहीर प्रशंसा केली. १९११ मध्ये भारताचा संघ इंग्लंडला गेला, त्या दौऱ्यात बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. परंतु कर्तृत्वाला व्यवसायात जो खरा मान असतो, तो हाराने भागत नाही. तो जबाबदारीचे पद देऊनच द्यावा लागतो. हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना कधीच मिळाले नाही. वर्षामागून वर्षे त्यांच्यापेक्षा कमी योग्यतेचे व कमी अनुभवाचे खेळाडू त्या जागी आले. १९२० मध्ये हा प्रश्न विकोपाला गेला, तेव्हा त्यांचे बंधू विठ्ठल व शिवराम यांनी निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतले. त्याच स्पर्धेत पुढे बाळूंना उपकर्णधार करण्यात आले. कर्णधारपद कुटुंबात आले ते १९२३ मध्ये, विठ्ठल यांच्याकडे. त्या वर्षी हिंदू संघाने अंतिम सामन्यात युरोपियनांवर विजय मिळवला.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी लागेल. बाळूंना डावलणाऱ्यांपैकी कोणीही ‘आम्ही जात पाहतो’ असे उघडपणे म्हणत नव्हते. नेतृत्वासाठी शिक्षण हवे, चारचौघांत वावरण्याची रीत हवी, अशी भाषा वापरली जाई. निकष गुणवत्तेचाच होता, पण तो अशा रीतीने घडवलेला होता की एका विशिष्ट घरात जन्मलेला मनुष्य त्यात बसूच नये. वेधशाळेतील उपकरण उत्तम असले तरी जवळच लोखंड ठेवले तर त्याचा काटा चुकीची दिशा दाखवणार. आणि दोष मात्र कोणाला दिसणार नाही.

जन्मावरून मान देण्याची दुसरी तऱ्हाही त्याच मैदानावर पाहावयास मिळते. १९११ च्या ज्या दौऱ्यात बाळूंनी बळींची शंभरी ओलांडली, त्याचे कर्णधारपद पतियाळाच्या महाराजांकडे होते. १९३२ च्या इंग्लंड दौऱ्यावर कर्णधार म्हणून पोरबंदरचे महाराज गेले. परंतु आपल्या खेळाची मर्यादा ओळखून त्यांनी कसोटी सामन्यात नेतृत्व सी. के. नायडूंकडे सोपवले. नागपूरचा हा खेळाडू अशा रीतीने भारताच्या पहिल्या कसोटीचा कर्णधार ठरला. या महाराजांच्या खेळाबद्दल पुष्कळ थट्टा झाली, पण निवड समितीला जे जमले नाही ते त्यांनी केले, हेही नमूद केले पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या अठराव्या अनुच्छेदाने किताब रद्द केले. १९५४ मध्ये भारतरत्न व पद्म सन्मान सुरू झाले, तेव्हा वंश, व्यवसाय, पद वा लिंग यांचा भेद न करता कोणीही व्यक्ती त्यांस पात्र राहील असा नियम घालण्यात आला. हे सन्मान म्हणजे किताब नव्हेत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. त्याच वेळी निवडीचे निकष फार सैल असल्याबद्दल नापसंतीही व्यक्त केली.

या ठिकाणी नेहमी एक गल्लत होते. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये करवीर संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, तेव्हापासून आरक्षण व पुरस्कार यांची तुलना करण्याची सवय पडली आहे. दोहोंचा हेतू मुळातच भिन्न आहे. आरक्षण म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या बंद असलेला दरवाजा उघडणे. आत गेल्यानंतर केलेल्या कामाची नोंद घेणे म्हणजे पुरस्कार. आरक्षणातून आलेल्या शिक्षिकेला पुरस्कार मिळाला तर तो तिच्या अध्यापनाचा असतो. त्याकडे बोट दाखवून ‘तेथेही आरक्षण’ असे म्हणणे हा तिच्या कामाचा अपमान होय; आणि पुरस्कार खरोखरच वाटणीने दिला गेला असेल, तर तो अपमान देणाऱ्यानेच आधी करून ठेवलेला असतो.

मग शासनाच्या पुरस्कारांत जे निरनिराळे गट केले जातात त्यांचे काय? राज्य शिक्षक पुरस्कारात आदिवासी क्षेत्रात काम करणाऱ्या प्राथमिक शिक्षकांचा स्वतंत्र गट आहे. हा गट शिक्षकाच्या जातीवरून नव्हे, तर कामाच्या जागेवरून ठरतो. डोंगरावरील वाडीत एकट्याने अनेक वर्ग सांभाळणारा शिक्षक आणि तालुक्याच्या गावी सर्व सोयींनी युक्त शाळेतील शिक्षक यांना एका मापाने मोजले, तर मोजमाप चुकते. ही विभागणी निर्दोष आहे असेच म्हणावे लागेल.

कृषि विभागाच्या पीक स्पर्धेत सर्वसाधारण व आदिवासी असे दोन गट असतात, आणि दोन्हींची बक्षिसे सारखी असतात. येथे गट जन्मावरून पडतो. वरकस जमिनीवर नाचणी-वरी पिकवणाऱ्या ठाकूर शेतकऱ्याची तुलना कालव्याखालील बागायतदाराशी होऊ नये, हा त्यामागील हेतू रास्त आहे. तथापि स्पर्धेसाठी जमीन नावावर असावी लागते. रायगडातील कित्येक कातकरी कुटुंबांजवळ जमीनच नाही आणि दळी जमीन कसणाऱ्या अनेकांना वनहक्क कायदा २००६ मध्ये आल्यानंतरही कागदासाठी दीर्घकाळ थांबावे लागले. ज्यांच्यासाठी गट केला, त्यांच्यातील सर्वांत मागे असलेला मनुष्य स्पर्धेच्या दारापर्यंतही पोहोचत नाही. जमिनीचा उतार, पाण्याची सोय व क्षेत्र यांवरून गट पाडले, तर हेतू अधिक चांगला साधेल. स्त्री शेतकऱ्यांसाठीचा जिजामाता कृषिभूषण पुरस्कार मात्र वेगळ्या कारणाने आवश्यक ठरतो. सातबाऱ्यावर नाव पतीचे आणि शेतात राबणूक तिची, अशा स्थितीत तिचे कर्तृत्व पूर्वी कोणाच्या नोंदीतच येत नव्हते.

जाता जाता अलिबागच्या पांढऱ्या कांद्याचा उल्लेख करावयास हरकत नाही. २०२१ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. कांद्याला जन्मभूमीवरून मान मिळावा हे योग्यच आहे. आणि तेथेही माती, चव व औषधी गुण यांचे पुरावे सादर करावेच लागले. माणसाच्या बाबतीत पुराव्यावाचून केवळ जन्म पुरेसा व्हावा, हे विचित्र म्हटले पाहिजे.

श्रोत्यांपैकी अनेकांना निवड समितीवर बसावे लागते, म्हणून व्यवहाराचे थोडे बोलणे अगत्याचे आहे. पुरस्कारासाठी प्रस्ताव मागवले जातात. छायाचित्रे, वृत्तपत्रांची कात्रणे व प्रमाणपत्रे जोडलेली जाडजूड धारिका ज्याला तयार करता येते, तो पुढे येतो. वाडीवरील शिक्षकाला हे साधत नाही, आणि पुष्कळदा स्वतःची शिफारस स्वतः करणे त्याच्या स्वभावात नसते. प्रस्ताव उमेदवाराने लिहावा हा नियम बदलता येत नसेल, तर निदान केंद्रप्रमुख व विस्तार अधिकारी यांनी अशी नावे शोधून त्यांचे प्रस्ताव तयार करण्यास हातभार लावावा. पहिल्या छाननीत नाव, आडनाव व गाव झाकून केवळ कामाचा तपशील सदस्यांपुढे ठेवण्यास कोणताही नियम आड येत नाही. ‘या खेपेस अमुक तालुक्याची पाळी’ हा शब्दप्रयोग समितीच्या बैठकीतून हद्दपार व्हावयास हवा. मागील दहा वर्षांत एखाद्या समाजाचे वा भागाचे एकही नाव यादीत आले नसेल, तर तेथून एक नाव उचलून यादीत घालणे हा त्यावरील उपाय नव्हे. तेथे कोणी पाहावयास गेले होते काय, याची चौकशी आधी व्हावी.

पाहावयाचे म्हणजे काय, तेही अवघड नाही. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. अशा वाडीवरील शाळेचे ऑगस्टचे व जानेवारीचे हजेरीपत्रक शेजारी शेजारी ठेवावे, आणि जानेवारीत किती मुले वर्गात उरली व ती कोणामुळे उरली, हे समितीच्या एका सदस्याने प्रत्यक्ष वाडीवर जाऊन पालकांना विचारावे.