मंदीआधीची बेगमी

हिंगोली जिल्ह्यात मंदी तीन वाटांनी येते. मोंढ्यात सोयाबीन किंवा हळदीचा भाव पडतो, पुण्या-मुंबईकडे कामाला गेलेल्या मुलाचा पगार थांबतो किंवा सरकारी भरती लांबते. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा आजही मुख्यतः शेतीवर चालतो. त्यामुळे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची पदवी आज स्वीकारणारे येथील बहुतेक स्नातक या तिन्हींपैकी एका तरी वाटेवर उभे आहेत. मंदीच्या तयारीची सूत्रे दोन आहेत. घरातील सगळी मिळकत एकाच कारणाने एकाच वेळी थांबू नये, आणि थांबलीच तर दुसरी सोय होईपर्यंतचा खर्च हाताशी असावा.

पहिल्या सूत्राचे महत्त्व अलीकडच्या दोन प्रसंगांतून दिसते. एप्रिल ते जून 2020 या टाळेबंदीच्या तिमाहीत देशाचे सकल उत्पादन जवळपास पावपट घटले, मात्र त्याच तिमाहीत शेतीची वाढ चालू राहिली. शहरातून गावी परतलेल्यांना शेताने निदान धान्य पुरवले. 2024 च्या हंगामात उलटे झाले. 2021 च्या पावसाळ्यात क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेलेले सोयाबीन या वेळी 4,892 रुपयांच्या हमीभावाखाली विकले गेले. ज्या घरात महिन्याचा पगार येत होता, त्या घराला माल थोडा थांबवून विकता आला. मात्र तो पगार आडत दुकानातला, कृषी सेवा केंद्रातला किंवा ट्रॅक्टरच्या शोरूममधला असेल, तर भाव पडल्यावर शेतीबरोबर तोही धोक्यात येतो. म्हणून शेती असलेल्या घरातील पदवीधराने नोकरी निवडताना तिचा पैसा शेवटी कुठून येतो, हे आधी पाहावे.

दुसऱ्या सूत्रासाठी महिन्याचा हिशेब लागतो. समजा, पुण्याजवळ कंत्राटी काम करणाऱ्या तरुणाला 18,000 रुपये पगार आहे. भागीदारीतल्या खोलीचे 3,000, मेसचे 3,500, प्रवास व मोबाईलचे 1,500, कर्जाचा हप्ता 2,500 आणि घरी पाठवायचे 4,000, असे 14,500 रुपये जातात आणि 3,500 उरतात. काम सुटल्यावर घरी पैसे पाठवणे थांबले, तरी महिन्याला 10,500 लागतातच. सहा महिन्यांची बेगमी 63,000 रुपयांची झाली आणि ती साठायला दीड वर्ष लागते. त्याने तीन महिन्यांत दुसरे काम न मिळाल्यास खोली सोडून गावी जायचे असे आधीच ठरवले, तर पुढच्या तीन महिन्यांचा खर्च दरमहा 4,000 वर येतो. एकूण गरज 43,500 होते आणि ती तेराव्या महिन्यात भागते. परतण्याची तारीख आधी ठरवली नसेल, तर तोच निर्णय हातउसने वाढल्यावर घ्यावा लागतो.

दरमहा उरणारी रक्कम पगाराच्या दुसऱ्याच दिवशी आवर्ती ठेवीत जावी. बँकेतील ठेवीला 4 फेब्रुवारी 2020 पासून प्रत्येक बँकेत ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायट्यांना हे संरक्षण लागू नाही. मराठवाड्यात अशा काही संस्था बंद पडल्याने अनेक कुटुंबांची पुंजी अडकली. विमा असलेल्या ठिकाणीही पैसा काही काळ अडू शकतो. 23 सप्टेंबर 2019 रोजी रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह (पीएमसी) बँकेच्या खातेदारांना सुरुवातीला फक्त 1,000 रुपये काढता येत होते. म्हणून बेगमी दोन बँकांत विभागावी. भिशीचा पैसा नंबर लागेपर्यंत हाती येत नाही, म्हणून तो बेगमीत मोजू नये.

कर्जांत आधी सावकाराचे, मोबाईल ॲपवरचे आणि क्रेडिट कार्डाचे कर्ज फेडावे, कारण त्यांचे व्याज सर्वांत जड असते. पीक कर्ज मात्र चालू ठेवण्यासारखे असते. राज्यात तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज वेळेत फेडणाऱ्याला ते बिनव्याजी पडते. कर्जमाफीच्या आशेने ते थकवले, तर जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर नवे कर्ज मिळत नाही आणि घर पुन्हा आडत्याच्या उचलीवर येते. भाव पडलेला असताना कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना उपयोगी पडते. सोयाबीन किंवा हळद बाजार समितीच्या गोदामात ठेवून तिच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी सहा टक्के व्याजाने मिळते.

आजारपण आणि अपघात बेगमी एका फटक्यात संपवतात. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपयांत दोन लाखांचे अपघाती, तर जीवन ज्योती योजनेत 436 रुपयांत दोन लाखांचे जीवन संरक्षण मिळते. दोन्ही हप्ते मेअखेर खात्यातून वळते होतात, त्यामुळे तेव्हा खात्यात शिल्लक हवी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी शिधापत्रिकेवरील नावे आधीच दुरुस्त करून घ्यावीत.

रोजगाराच्या तयारीत पहिली गोष्ट कागदपत्रांची. नेमणूकपत्र, पगारपत्रके आणि भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक स्वतःजवळ असला, तर काम सुटल्यावर थकलेले वेतन मागता येते. स्पर्धा परीक्षेच्या मार्गावर असलेल्यांनी प्रयत्नांची संख्या आणि शेवटचे वर्ष घरच्यांशी बोलून ठरवावे व त्याच काळात टॅली, विद्युत जोडणी, शीतगृह किंवा अन्नप्रक्रिया यांपैकी एखादे काम शिकावे. जिल्ह्यात त्याला वाव आहे. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तेथे हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभे राहत आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळा येथील, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पाच्या 2,600 कोटींच्या खर्चाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये मंजुरी दिली. वैज्ञानिकांच्या जागा तेथे मोजक्याच असतील. बांधकाम, वीज, वाहतूक आणि निवासाची कामे मात्र अशा प्रकल्पाभोवती निघतात.

नोकरी गेल्यावर पहिल्याच आठवड्यात अनुभवपत्र घ्यावे, हप्ता चुकण्याआधी बँकेला लेखी कळवून मुदतवाढ मागावी आणि मिळेल ते जोडकाम स्वीकारावे. भविष्य निर्वाह निधी आणि घरचे सोने यांना हात सर्वांत शेवटी लावावा. पुन्हा पगार सुरू झाल्यावर खर्च वाढवण्याआधी मोडलेली बेगमी भरून काढावी.