आवाजाची ठेव

(नवोदित वार्ताहरांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



‘डिजिटल ध्वनिमुद्रक आणि वार्ताहर’ असा विषय संयोजकांनी मला दिला आहे. यंत्राची बटणे कशी दाबावीत, हे आपणा तरुणांना माझ्याहून अधिक ठाऊक आहे. म्हणून मी यंत्राविषयी थोडे आणि त्यात साठणाऱ्या आवाजाविषयी अधिक बोलणार आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की, मुद्रित केलेला दुसऱ्याचा आवाज ही आपल्याकडे विश्वासाने सोपविलेली ठेव असते. ठेव मागून घ्यावी लागते, तिच्यावर नाव घालावे लागते, ती सांभाळावी लागते आणि जशी घेतली तशीच परत करता आली पाहिजे.

प्रथम नावाविषयी. एडिसनने फोनोग्राफ सिद्ध केला तो १८७७ मध्ये. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १९०२ मध्ये, कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले. गाण्याच्या अखेरीस त्या स्वतःचे नाव इंग्रजीत मोठ्याने उच्चारतात. पुष्कळांना ती कलावतीची ऐट वाटते. परंतु त्यामागे व्यवहार होता. मूळ मुद्रणे तबकड्या तयार करण्यासाठी जर्मनीतील हॅनोव्हरला जात. तिथल्या कारागिरांना गायिका कोण, हे कळावे कसे? म्हणून नाव आवाजातच गुंफलेले असे.

आज आपल्या यंत्रात शेकडो ध्वनिमुद्रणे साठतात आणि त्यांची नावे म्हणजे नुसते आकडे असतात. सेल काढले की अनेक यंत्रांतील घड्याळ मूळ तारखेवर जाते; मग त्या आकड्यांनाही अर्थ उरत नाही. यावर उपाय शतकापूर्वीचाच आहे. मुद्रण सुरू होताच प्रथम आपण बोलावे: आजची तारीख, गाव, समोरच्या व्यक्तीचे नाव आणि विषय. जमल्यास त्या व्यक्तीलाच स्वतःचे नाव सांगू द्यावे. उच्चार नेमका कळतो आणि आडनाव छापताना होणारा अपराध टळतो.

या पहिल्या वाक्यांतच संमतीही घ्यावी. ‘आपले बोलणे मुद्रित करतो आहे, चालेल ना?’ एवढा प्रश्न आणि त्याचे उत्तर मुद्रणात असले की नंतरचे कितीतरी वाद उद्भवतच नाहीत. शोधपत्रकारितेत चोरून मुद्रण करण्याचे प्रसंग येतात, हे मी जाणतो. तिथे लोकहिताचे कारण भक्कम हवे आणि निर्णय संपादकाशी बोलून व्हावा. पण ज्या शेतकऱ्याने घोंगडी अंथरून आपल्याला बसविले, त्याच्यासमोर यंत्र खिशात लपवून बसणे ही पत्रकारिता नव्हे.

आता मुद्रणाची रीत. यंत्र उघड्या लाकडी टेबलावर ठेवू नये. पेला ठेवल्याचा आवाजही मग बोलण्यावर मात करतो. खाली घडी केलेला रुमाल घालावा. पंख्याच्या झोतापासून दूर आणि बोलणाऱ्याच्या जवळ बसावे. मोबाइल वापरत असाल तर तो विमान-स्थितीत टाकावा, म्हणजे मध्येच फोन येऊन खंड पडत नाही. आधी एक मिनिट मुद्रित करून कानाला लावून ऐकावे. आवाज आला तरच चालू होण्याची सोय बहुतेक ध्वनिमुद्रकांत असते. मुलाखतीत ती बंद ठेवावी. तिच्यामुळे वाक्याचा पहिला शब्द तुटण्याचा धोका असतो आणि मधला विराम तर नाहीसाच होतो. धरणग्रस्त वृद्धाला आपण बुडालेल्या गावाविषयी विचारतो आणि तो उत्तरापूर्वी दहा सेकंद गप्प राहतो. ते दहा सेकंद हाही उत्तराचाच भाग असतो.

साठवणुकीचा हिशेब साधा आहे. सीडीच्या दर्जाचे, न आकुंचित केलेले मुद्रण मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट जागा घेते. नेहमीच्या एमपी३ स्वरूपात तेच सुमारे १ मेगाबाइटमध्ये मावते. दैनंदिन वार्तेसाठी दुसरे पुरेसे आहे. गाणे, बोलीभाषा किंवा वृद्धांच्या आठवणी यांसाठी मात्र पहिलेच वापरावे, कारण आकुंचित करताना टाकलेला ध्वनी परत मिळत नाही. जुनी कॅसेट झिजत जाई आणि झिजताना खरखरीने सूचना देई. डिजिटल मुद्रण सूचना देत नाही. कार्ड बिघडले की सारे एकदमच जाते. म्हणून तीन प्रती असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या वास्तूत असावी.

मूळ प्रतीला कात्री लावू नये, हा नियम तर कायद्यानेही महत्त्वाचा ठरला आहे. जालना मतदारसंघातील २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतून उद्भवलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले की, मूळ उपकरण हजर न करता इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखल करायची असेल तर विहित प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची तरतूद आहे. आज कोणाचाही आवाज संगणकाने हुबेहूब घडविता येतो. अशा काळात ‘हे मी बोललोच नाही’ असे एखाद्या नेत्याने म्हटले, तर वार्ताहराच्या हाती अखंड मूळ मुद्रणावाचून दुसरा आधार कोणता?

बोलण्याचे लिखित रूप करून देणारी साधनेही आली आहेत. त्यांचा उपयोग अवश्य करावा. पण अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी बोलींपुढे ती अडखळतात आणि गावांची नावे बिघडवितात. छापण्यापूर्वी प्रत्येक अवतरण कानाने पडताळावे. अवतरणाच्या आधीचे आणि नंतरचे वाक्यही ऐकावे. वाक्य खरे असून अर्थ खोटा, असे वृत्त देणे म्हणजे ठेवीत अफरातफर करणे होय.

शेवटी घराविषयी. पुण्यातून हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह उभा केला. गावोगावच्या स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या नोंदविल्या गेल्या आणि त्यांतील कितीतरी त्यांच्याच आवाजात मुद्रित झाल्या. पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाने पुढे त्या सर्वांसाठी खुल्या करताना गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव सोबत दिले. पिढ्यान्‌पिढ्या जिचे नाव कोणी विचारले नव्हते, तिचे नाव तिच्या ओवीपुढे लागले! पिठाची गिरणी गावात आली आणि जाते कोपऱ्यात गेले. मुद्रण झाले नसते, तर त्या आवाजांचा मागमूसही उरला नसता.

आपल्या घरातही असा एखादा आवाज असेल. आजीची ओवी, आजोबांनी पाहिलेला १९७२ चा दुष्काळ, आत्याची पुरणपोळीची रीत. परगावच्या बातमीसाठी आपण पन्नास कोस जातो आणि माजघरातली माणसे न ऐकताच राहून जातात. यंत्र तर आपल्या खिशात आहेच. येत्या रविवारी अर्धा तास काढा, परवानगी मागा, तारीख आणि नाव उच्चारा, आणि मग आपण गप्प बसून ऐका.